मशिनला काटा कळत नाही: माशाचे फिले काढायला विजेची सुरी घेताना

आईने मासे सोडले ते काही गळ्यात माळ घातली म्हणून नव्हे. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी रावसाचा काटा तिच्या घशात अडकला. आम्ही तिला भाताचे गोळे गिळायला लावले, केळं खायला दिलं. हे करायचं नसतं, काटा त्याने आणखी आत रुतू शकतो, हे नंतर कळलं. शेवटी रात्री दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी चिमट्याने तो काढला. वयामुळे तिच्या डोळ्यांचा पडदा झिजलाय. कडेचं दिसतं, पण समोर ताटात काय आहे ते दिसत नाही. त्या दिवसापासून ती कालवणाचा नुसता रस्सा भातावर घ्यायची आणि तुकडी बाजूला सारायची. ती अलिबागकडची. लग्न होऊन बडोद्याला आली तेव्हापासून पन्नासेक वर्षं तिने मासा स्वतः पारखून, स्वतः विळीवर कापून आम्हाला खाऊ घातला. तिची बाजूला सारलेली तुकडी मला बघवेना.

म्हणून मी बिनकाट्याच्या माशामागे लागलो आणि त्या वाटेने विजेच्या सुरीपर्यंत पोचलो. माझा धंदा मोटार वाइंडिंगचा, मकरपुऱ्याला. कुठलंही यंत्र उघडून आतली मोटार बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. आता दांडिया बाजारातल्या, राजमहाल रोडवरच्या ओळखीच्या मराठी घरांतून फोन येतात: मुलगा अमेरिकेहून येतोय, कुठली सुरी आणायला सांगू? दर वेळी फोनवर अर्धंच सांगून होतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हातातल्या सुरीचं पातं काट्याला लागलं की बोटांना कळतं. पातं अडतं, आपण हात जरा वळवतो आणि काट्याच्या कडेने पुढे जातो. विजेच्या सुरीला हे कळत नाही. ती काट्याच्या कडेने जात नाही, काट्यातून जाते. तिच्यामुळे काम झपाट्याने होतं ते याच गुणामुळे, आणि म्हाताऱ्या माणसाच्या, लहान मुलाच्या ताटात ती धोकादायक ठरू शकते तीही याच गुणामुळे. अख्खा काटा निदान लांब असतो, जिभेला सापडतो. मशिनने कापलेल्या बरगडीचं अर्ध्या सेंटिमीटरचं टोक मांसात रुतून बसतं आणि सापडत नाही.

आता फिले म्हणजे काय ते. बडोद्याच्या बाजारात मासेवाला मासा पाटावर ठेवतो आणि विचारतो, "काका, कटका करुं?" आपण हो म्हणतो आणि मासा आडवा कापला जातो. प्रत्येक तुकडीत मधल्या मणक्याचा एक चकतीएवढा भाग येतो. तळलेल्या सुरमईच्या तुकडीची चव मणक्याजवळच्या मांसातच असते, त्यामुळे ही पद्धत वाईट अजिबात नाही. फिले उभा निघतो. माशाच्या एका अंगाचं सगळं मांस मणक्यापासून सोडवून काढलेली सलग पट्टी म्हणजे फिले. एका माशाचे दोन फिले, आणि मागे डोकं, मणका, शेपटी असा अख्खा सांगाडा. किलोभराच्या रावसातून साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम फिले हाती लागतात. उरलेलं वाया जात नाही, डोक्याचं आणि सांगाड्याचं कालवण होतं. पण किलोचा भाव देऊन निम्मंच ताटात येतंय असं ज्यांना वाटेल, त्यांनी हे आधीच लक्षात घेतलेलं बरं.

तुमच्या घरी सगळे तुकडीच खात असतील तर ही सुरी घेऊ नका. आठवड्याला एक मासा आणत असाल तरी नको. त्याला सहा-सात इंची, बारीक, लवचीक पात्याची हातसुरी पुरते, आणि काटा कळण्याच्या बाबतीत ती मशिनपेक्षा चांगलीच आहे. आमचा हिशेब वेगळा होता. आम्ही चार घरं मिळून महिन्यातून दोनदा पाच-सहा किलो मासा एकदम आणतो. तीस वर्षं तांब्याची तार ओढून माझं उजवं मनगट दुखतं. चौथ्या माशाला हात थरथरायला लागतो, आणि थरथरत्या हातातली धारदार सुरी मला मशिनपेक्षा जास्त भीतीदायक वाटते.

आतलं यंत्र समजून घ्यायला विळीपासून सुरुवात करू. विळीवर पातं स्थिर असतं आणि मासा पुढे-मागे फिरतो. हातसुरीत मासा स्थिर आणि पातं फिरतं. दोन्हीकडे कापण्याचं काम करते ती ओढ. पिकलेल्या टोमॅटोवर सुरी नुसती दाबली तर टोमॅटो चेपतो, पण तीच सुरी हलकेच ओढली की साल चिरत जाते. माशाचं मांस तर टोमॅटोहून नाजूक. त्यातले थर एकमेकांना धरून ठेवणारा चिवट पडदा अगदी पातळ असतो. दाब पडला की थर सुटतात आणि फिलेला भेगा पडतात. विजेची सुरी ओढ स्वतः पुरवते, म्हणून आपल्याला दाब द्यावा लागत नाही. दाब द्यावासा वाटला तर समजायचं, पातं बोथट झालंय किंवा आपण मणक्यावर चढलोय.

या सुरीत एक नाही, दोन पाती असतात, एकमेकांना चिकटून. दोन्हींना करवतीसारखे दाते. दांड्याच्या आत मोटार गोल फिरते आणि ते फिरणं दात्यांच्या एका चाकाकडे जातं. त्या चाकावर मध्यापासून बाजूला सरकवलेल्या दोन खुंट्या असतात, एकमेकींच्या बरोबर समोर. चाक फिरलं की एक खुंटी एका पात्याला पुढे ढकलते आणि त्याच क्षणी दुसरी खुंटी दुसऱ्या पात्याला मागे ओढते. थंडीत आपण तळव्यावर तळवा घासतो, तशी ही दोन पाती एकमेकांवर घासत असतात. पातं एकच असतं तर त्याने अख्खा मासाच स्वतःबरोबर पुढे-मागे ओढला असता. दोन पाती उलट दिशांना गेल्यामुळे एकाची ओढ दुसरं फेडतं, मासा पाटावर जागच्या जागी राहतो आणि हातालाही हादरे कमी बसतात.

टोकाजवळ ही पाती एका रिव्हेटने एकत्र धरलेली असतात. एका पात्याला रिव्हेट, दुसऱ्याला त्यासाठी लांबट खाच. सुरी हातात आली की सगळ्यात आधी तिथे बघा. टोकाला दोन पात्यांत फट दिसत असेल, बोटाने ती हलत असतील, तर मांस त्या फटीत शिरतं आणि कापलं जाण्याऐवजी चावलं जातं. महाग सुरीतही हा दोष निघतो.

अमेरिकेत ही यंत्रं घराघरांत शिरली ती १९६० च्या दशकात, टर्की आणि भाजलेल्या मांसाचे मोठे तुकडे कापायला. तिथल्या तळ्यांवर मासे धरणाऱ्या लोकांच्या लक्षात आलं की एकाच आकाराचे वीस-पंचवीस मासे एका बैठकीत सोलायचे असतील तर हेच यंत्र उपयोगी पडेल. मग खास माशांसाठी लांब, निमुळत्या पात्यांची मॉडेलं निघाली. म्हणजे ही सुरी त्यांच्या माशासाठी, त्यांच्या खाण्याच्या पद्धतीसाठी घडलेली आहे. ती आपल्या माशाला चालेल का, हा खरा प्रश्न. दुकानदार वॉट सांगतो, वेग सांगतो, पात्याचं पोलाद सांगतो. मासा कुठला, हे कोणी विचारत नाही.

तुमच्या घरी कुठला मासा येतो?

रावस हा या सुरीसाठी जवळजवळ आदर्श मासा. मांस घट्ट, मणका सरळ, बरगड्या ठळक. एक ते अडीच किलोपर्यंतचा रावस घरातल्या सुरीने आरामात होतो. घोळही उत्तम. २०२३ मध्ये गुजरातने राज्यमासा म्हणून जाहीर केला तो हाच. पण घोळ वाढला की माणसाच्या कमरेला येईल एवढा होतो. तसा मासा घरच्या यंत्राचा नव्हे, तो मासेवाल्याच्या कोयत्यालाच सोडावा. दोन किलोच्या आतला मिळाला तर घ्या. सुरमईचे फिले सुरेख निघतात, फक्त मासा बर्फात नीट ठेवलेला हवा. बडोद्यात समुद्र नाही. आपल्याकडचा मासा वेरावळहून नाहीतर मुंबईकडून बर्फात येतो, आणि वाटेत बर्फ कमी पडलेला मासा बोटाने दाबला की खड्डा तसाच राहतो. अशा माशावर विजेची सुरी चालवली तर फिले नव्हे, लगदा निघेल. मासा आणल्यावर फ्रिजमध्ये बर्फावर तासभर ठेवून मगच कापायला घ्या. मांस आवळून येतं आणि पातं स्वच्छ चालतं.

चिलापी, म्हणजे तिलापिया, लहान असला तरी या यंत्रासाठीच जन्मल्यासारखा आहे. बरगड्यांचा पिंजरा एकाच जागी असतो, तो नंतर एका कापात उचलून टाकता येतो. अमेरिकेतल्या तळ्यांतल्या माशांशी त्याची ठेवण बरीच जुळते.

पापलेटला विजेची सुरी लावू नये, हे माझं ठाम मत. चपटं, पातळ अंग आणि मऊ काटे. महाराष्ट्राने त्याला २०२३ मध्ये राज्यमासा केलं, आणि भाव तर तुम्हाला माहीतच आहे. त्याचं मांस मशिनच्या दात्यांत वाया घालवण्यात काही अर्थ नाही. बांगडा लहान, तो हातसुरीने दोन मिनिटांत होतो. बोंबलाबद्दल बोलायलाच नको, तो आई अजूनही अंगठ्याने उकलते. बासा तर बाजारात फिले होऊनच येतो. घरात सगळ्यांना बासा चालत असेल तर तोच आणावा, सुरीचा खर्च कशाला?

आता रोहू आणि कटला. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत आपल्याकडे तलावा-धरणातलेच मासे जास्त येतात, आणि नवीन सुरी घेतलेला माणूस उत्साहाने रोहू आणतो. या माशांच्या मांसात बारीक, दुफाटे फुटलेले काटे असतात. ते मणक्याला जोडलेले नसतात. मांसाच्या थरांमध्ये स्वतंत्र रुतलेले असतात, ओळीने. मणक्याच्या कडेने कुठलंही पातं चालवा, मशिनचं किंवा हाताचं, हे काटे फिलेतच राहतात. मशिनमध्ये फरक एवढाच की त्यातले काही मधून कापले जातात आणि एकाचे दोन होतात. बंगाली मंडळी रोहू काट्यासकट तुकडीतच खातात, त्यामागे हे कारण असावं असं मला वाटतं. भरूचकडे नर्मदेच्या मुखाशी पावसाळ्यात येणारा पाला, म्हणजे हिलसा, तर काट्यांचं जाळंच. या तिन्ही माशांचे ‘बोनलेस फिले’ घरी काढून म्हाताऱ्या माणसाला वाढू नका. कोणी म्हणेल, दर दोन-तीन मिलिमीटरवर चिरा देऊन कडक तळले की बारीक काटे विरघळतात. चिरा दिल्याने काटे तुकडे होऊन तळून कुरकुरीत होतात हे खरं, आणि ती पद्धत चांगलीही आहे. पण ज्याच्या घशात एकदा काटा अडकलाय त्याच्यासाठी ती नाही.

व्होल्टेजची गोष्ट

माझा भाचा न्यू जर्सीला असतो. मी सांगायच्या आधीच त्याने प्रेमाने एक वायरवाली सुरी आणली. मी मोरीत मासा धूत होतो. "मामा, चालवून दाखवतो," म्हणत त्याने पिन बदलायचं छोटं अडॅप्टर लावलं आणि आपल्या भिंतीतल्या प्लगमध्ये सुरी जोडली. बटण दाबल्यावर ती एकदम किंचाळल्यासारखी पळाली, आणि तीन-चार सेकंदांत जळक्या व्हार्निशचा वास आला. तो वास मी रोज घेतो, त्यामुळे मला बघायचीही गरज पडली नाही. उघडली तेव्हा आर्मेचर, म्हणजे मोटारीतला तार गुंडाळलेला फिरता भाग, काळं पडलं होतं. तार इतकी बारीक की पुन्हा गुंडाळण्यात अर्थ नव्हता. आजही एखाद्या घरी वायरवाली सुरी येणार म्हटलं की मी तो वास आठवून आधी फोन करतो.

कारण सोपं आहे. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची, ६० हर्ट्झची. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. पिनचं अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतं, आतलं व्होल्टेज तेच राहतं. आणि व्होल्टेज जवळजवळ दुप्पट झालं की तारेत पेटणारी उष्णता दुप्पट होत नाही, चौपटीच्या जवळ जाते. हर्ट्झची काळजी करू नका. या सुऱ्यांतल्या मोटारी मिक्सरच्या मोटारीच्या जातीच्या असतात, त्यांना ५० काय आणि ६० काय. मारतं ते व्होल्टेज.

वायरवाली अमेरिकन सुरी घरात आलीच असेल तर २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. सुरी १२० वॉटची असेल तर ट्रान्सफॉर्मर किमान ३०० व्हीएचा घ्या, कारण सुरू होताना आणि पातं अडताना मोटार कितीतरी जास्त करंट ओढते. प्रवासात केस वाळवायच्या यंत्रासाठी मिळणारे हलके, सिगारेटच्या पाकिटाएवढे कन्व्हर्टर मोटारीला लावू नका. आणखी एक: बाजारातले बरेच स्वस्त ट्रान्सफॉर्मर एकाच गुंडाळीचे असतात. त्यांत आपल्या भिंतीतली वीज आणि सुरीतली वीज यांच्यात तारेचा सरळ संबंध राहतो. ११० व्होल्ट आहेत म्हणून झटका बसणार नाही, असं समजू नका. माशाच्या ओट्यावर पाणी असतं, हात ओले असतात. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागताच पुरवठा तोडणारी कळ, नसेल तर सुरीच्या आधी ती बसवून घ्या. सुरी आणा किंवा न आणा, ती घरात हवीच.

एवढा व्याप करण्यापेक्षा बॅटरीवाली सुरी बरी, असं माझं मत त्या दिवसानंतर झालं. तिच्या चार्जरवर काय छापलंय तेवढं बघायचं. इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असेल तर चार्जर आपल्याकडे थेट चालतो, फक्त पिनचं अडॅप्टर लागतं. नुसतं १२० असेल तर पुन्हा तीच रड. अमेरिकेतल्या माणसाला दुकानात उभा असताना चार्जरच्या त्या स्टिकरचा फोटो काढून पाठवायला सांगा, मग हो म्हणा. विमानात पाती मोठ्या बॅगेत टाकायची आणि सुटी बॅटरी हातातल्या बॅगेत ठेवायची, कारण सुट्या लिथियम बॅटऱ्या खालच्या सामानात चालत नाहीत. मर्यादा १०० वॉट-तासांची. हिशेब सोपा: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. १८ व्होल्टची २ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३६, बिनघोर. दोन बॅटऱ्या मागवा. दोन-तीन वर्षांनी बॅटरी दमते आणि नेमकी ती आपल्याकडे मिळत नाही, तेव्हा चांगली मोटार असूनही सुरी कपाटात पडून राहते. मे महिन्यात बडोद्याला पारा ४२-४३ वर जातो. बॅटरी गाडीत किंवा ओट्यावर उन्हात ठेवू नका, आणि बरेच दिवस वापरायची नसेल तर अर्धी भरलेली ठेवा.

तिसरा एक प्रकार आहे जो आपल्याकडे कोणाच्या डोक्यात येत नाही. बोटीवर वापरण्यासाठी १२ व्होल्टवर चालणाऱ्या सुऱ्या मिळतात, मगरीच्या जबड्यासारखे दोन चिमटे थेट बॅटरीला लावायचे. आपल्या घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरीही बहुधा १२ व्होल्टचीच असते. मी ही जोडणी एका मित्राच्या घरी करून दिली आहे, चिमट्यांच्या वायरमध्ये फ्यूज घालून. फ्यूजशिवाय कधीही नाही: त्या बॅटरीत एवढी ताकद असते की चिमटे एकमेकांना चिकटले तर वायर पेटते. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, त्यामुळे ओल्या ओट्यावर हा प्रकार निर्धास्त वाटतो. फक्त बॅटरी ओट्यापासून लांब असेल तर लांब वायरीत व्होल्टेज मरतं आणि सुरी सुस्त चालते.

आपल्याकडे २३० व्होल्टच्या सुऱ्याही ऑनलाइन मिळतात. त्या बहुतेक ब्रेड-केक आणि भाजलेलं मांस कापायच्या. गादी-सोफ्याचं काम करणारे फोम कापायलाही त्या वापरतात. पाती जाड, ताठ, दाते मोठे. रावसाच्या बरगड्यांतून त्या व्यवस्थित जातात. अडचण येते ती कातडी सोडवताना, कारण तिथे पातं पाटाला समांतर टेकून किंचित वाकायला हवं आणि हे वाकत नाही. कातडीसकट फिले तळणार असाल, खवले काढून, तर ही सुरीही चालेल, आणि व्होल्टेजचा सगळा व्याप वाचेल.

एखादं यंत्र किती वेळ सलग चालवायचं तेही त्यावरच छापलेलं असतं, पण कोणी वाचत नाही. युरोपियन बनावटीच्या यंत्रावर ‘केबी’ लिहून पुढे मिनिटांचा आकडा असतो. एवढी मिनिटं सलग, मग गार होऊ द्यायचं. ही मोटार मिक्सरसारखीच, थोड्या वेळाची. माझ्याकडे जळून येणाऱ्या घरगुती मोटारींत बऱ्याचशा वाईट नसतात, दमलेल्या असतात. दोन मासे झाले की मी सुरी बाजूला ठेवतो आणि फिले धुऊन घेतो. चालू असताना मागच्या जाळीतून बारीक निळी ठिणगी दिसली तर घाबरू नका, कार्बन घासताना तसं होतं. पिवळं कडं फिरताना दिसलं तर बंद करा.

पात्याची लांबी माशावरून ठरवा: मासा जिथे सगळ्यात रुंद असेल तिथून आरपार जाऊन दोन बोटं बाहेर राहायला हवं. एक-दोन किलोच्या माशांना सात-आठ इंच पुरे. नऊ इंची पातं लहान माशावर टोकाशी फडफडतं. दाते घरी धार लावण्यासारखे नसतात, त्यामुळे त्याच मॉडेलची जास्तीची जोडी सुरीबरोबरच मागवा. बटण दाबून धरलं तरच चालणारं आणि सोडताच थांबणारं हवं, शिवाय वेगळं लॉक हवं. वेग कमी-जास्त करता येत असेल तर फार चांगलं, कातडी सोडवताना हळू वेग लागतो. दांड्याला रबराची पकड बघा. माशाच्या बुळबुळीत हातात गुळगुळीत प्लास्टिक राहत नाही.

हात कसा चालवायचा

मासा ओला नको. पाट हलू नये म्हणून खाली ओलं फडकं पसरा. पोट फाडायची गरज नसते, हा या पद्धतीचा फायदा. कल्ल्यामागच्या पराच्या मागून पातं सरळ खाली उतरवा, मणक्याला टेकेपर्यंत. तिथे आवाज बदलतो, जड होतो. कान तिकडे ठेवा, कारण हाताला कळत नाही ते या यंत्रात कानाला कळतं. मणका कापायचा नाही. आता पातं शेपटीकडे आडवं वळवा आणि मणक्यावर टेकवून सावकाश पुढे न्या. बरगड्यांवरून जाताना करकर आवाज येईल, येऊ द्या. दाबू नका. शेपटीच्या बोटभर आधी बटण सोडा, म्हणजे फिले कातडीने शेपटीला लटकलेला राहतो. तो उलटा पाडा, कातडी पाटावर, मांस वर. शेपटीच्या बाजूने कातडी आणि मांस यांच्यामध्ये पातं शिरवून पाटाला समांतर चालवा. कातडी शेपटीला राहते, मांस मोकळं. शेवटी फिलेच्या पोटाकडच्या बाजूला राहिलेला बरगड्यांचा पिंजरा एका तिरक्या कापात उचलून टाका. इथे थोडं मांस जातं. जाऊ द्या. मांस वाचवायच्या हव्यासात पातं वर ठेवलं की बरगड्यांची कापलेली टोकं फिलेत राहतात, आणि मी सुरुवातीला म्हणालो तो धोका नेमका इथे तयार होतो.

गोठलेल्या माशावर ही सुरी कधीच चालवू नका. बऱ्याच सुऱ्यांतले गियर नायलॉनचे असतात, दाते उडतात. सुरमईच्या आडव्या तुकड्याही हिने करू नका, तो मणका कोयत्याचं काम आहे.

मासा धरलेला हात पात्याच्या वाटेत नको. काही जण कापविरोधी हातमोजे घालून निर्धास्त होतात. ते विणलेले मोजे हातसुरीसाठी असतात. मोटारीने चालणाऱ्या दातेरी पात्यासमोर त्यांचा भरवसा नाही, उलट धागा दात्यांत अडकून बोट आत ओढलं जाऊ शकतं. डोक्याजवळ काटाचमचा रोवून मासा धरा.

धुताना आधी बॅटरी काढा, मग पाती. पहिलं पाणी गार. गरम पाण्याने माशाचं प्रथिन शिजून पात्यांवर चिकटतं आणि मग तो वास जात नाही. गार पाण्यानंतर कोमट पाणी आणि साबण, दोन्ही पाती रिव्हेटपाशी वेगळी करून. दांडा पाण्यात बुडवायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. रिव्हेटवर खाण्याच्या तेलाचा एक थेंब.

आणि मग येतं ते काम जे कुठलीच सुरी करत नाही. बरगड्यांचा पिंजरा काढल्यावरही फिलेच्या पुढच्या अर्ध्यात, मध्यरेषेला धरून, बारीक काट्यांची एक रांग उभी असू शकते. ती डोळ्यांना दिसत नाही, मांसाच्याच रंगाची असते. फिले पसरट ताटात उलथ्या वाटीवर ठेवा म्हणजे मांस ताणलं जातं आणि काट्याची टोकं वर येतात. बोट हलकेच फिरवा, एकदा एका दिशेने, मग उलट. टोचलं की चिमट्याने पकडा आणि डोक्याच्या दिशेने तिरका ओढा. सरळ वर ओढलात तर मांस फाटतं. हळद-मीठ लावायच्या आधीच हे करायचं, नंतर बोटाला मिठाचे खडे आणि काटे सारखेच लागतात.

सुरुवातीला हे मी करायचो, चष्मा लावून, खिडकीपाशी. एके दिवशी आईने ताट आपल्याकडे ओढून घेतलं. आता दर वेळी ती जेवणघरात पाटावर बसते, मांडीवर ताट, डोळे मिटलेले, आणि मधलं बोट फिलेवरून फिरत असतं. मागच्या रविवारी मी तपासून ठेवलेल्या सहा फिल्यांतून तिने तीन काटे काढून वाटीच्या कडेला लावले. मग हात धुता धुता मला विचारलं, "डोकं नीट ठेवलंयस ना? कालवण आजच करायचंय."